मैलाला हजार फेरे

अमेरिकेत जुन्या गाड्यांचं वेड असलेली एक मोठी जमात आहे. १९६०-७० च्या काळातली शेवरोले नाहीतर फोर्ड शोधून काढायची, तिचं दमलेलं इंजिन उतरवायचं आणि त्या जागी नव्या जमान्यातलं, कंप्युटरवर चालणारं इंजिन बसवायचं. याला म्हणतात इंजिन स्वॅप. आपल्याकडे हा छंद फारसा फोफावला नाही, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीनं गाडी जशी बनवली त्यापेक्षा ती वेगळी करून टाकायची मोकळीक मालकाला नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे कलम असंच कडक वाचलं. त्यामुळे आजची गोष्ट अमेरिकेतली.

या स्वॅपवाल्या मंडळींचं एक दुखणं मला फार इंटरेस्टिंग वाटतं. इंजिन बसतं हो. त्याचे माउंटिंग वेल्ड करून घेता येतात, सायलेन्सरचा पाइप वळवता येतो, पेट्रोलचा पंप बदलता येतो. चावी फिरवली की इंजिन सुरू होतं, टाळ्या पडतात, फोटो निघतात. आणि मग पुढचे कित्येक वीकेंड एकाच वायरपाशी अडकतात: इंजिनाच्या कंप्युटरला गाडीचा वेग सांगणारी वायर.

गंमत अशी की वेगाचा सिग्नल इंजिनातून येतच नाही. इंजिनाला फक्त स्वतःचे फेरे ठाऊक. तीन हजार आरपीएमवर गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत असेल, टॉपमध्ये पळत असेल, नाहीतर न्यूट्रलमध्ये जागेवर उभी असेल. गाडी किती जोरात चालली आहे हे कळतं गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून फिरणारा दांडा मागच्या चाकांकडे जातो तिथे. मग बदललं इंजिन आणि हरवला वेग, असं का व्हावं? माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा (हे कॉम्बिनेशन पुण्यात ढिगानं सापडतं), त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी खुणावत होता. उत्तर शोधता शोधता सव्वाशे वर्षं मागे गेलो.

सुरुवातीला वेग मोजायची घाई ड्रायव्हरपेक्षा सरकारला होती. इंग्लंडात १८६५ च्या कायद्यानं रस्त्यावरच्या यांत्रिक गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा दिली होती, वर गाडीच्या पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवायचा. १८९६ च्या कायद्यानं ही मर्यादा १४ मैलांपर्यंत नेली, १९०३ च्या कायद्यानं २० वर. अमेरिकेत कनेटिकट राज्यानं १९०१ मध्ये शहरात १२ आणि बाहेर १५ मैलांची मर्यादा घातली. आता चित्र डोळ्यासमोर आणा. झुडपामागे हवालदार स्टॉपवॉच घेऊन बसलाय आणि ड्रायव्हरकडे स्वतःच्या अंदाजाशिवाय काहीच नाही. हे सापळे इतके वाढले की त्यांची आगाऊ सूचना द्यायला इंग्लंडातल्या मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संघटनाच काढली. अशा वेळी डॅशबोर्डवर वेगाचा काटा हवा, ही मागणी कुठून आली असेल ते वेगळं सांगायला नको.

काटा आला तो मात्र विजेवर चालणारा नव्हता. म्हणजे विजेचा प्रयत्न आधी झाला होता. आजच्या क्रोएशियातल्या योसिप बेलुशिच या माणसानं १८८८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत विजेवर चालणाऱ्या वेगमापकाचं पेटंट घेतलं होतं, तेही घोडागाडीसाठी! पण बाजी मारली ती ओटो शुल्झच्या १९०२ च्या जर्मन पेटंटनं.

शुल्झची आयडिया समजून घेण्यासारखी आहे, कारण ती पुढे ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्यांत तशीच्या तशी चालली. १८२४ मध्ये आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसलं होतं की तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई स्पर्श न होताही तिच्यामागे ओढली जाते. तांबं तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे काय? १८३१ मध्ये फॅरेडेनं उलगडा केला: चुंबक आणि धातू एकमेकांच्या सापेक्ष हलले की धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, आणि ते त्या हालचालीला विरोध करतात. शुल्झनं हीच गोष्ट उलटी वापरली. गिअरबॉक्सपासून किंवा चाकापासून एक लवचिक केबल आणायची, तिच्या टोकाला चुंबक फिरवायचा. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा, आणि काट्याला मागे खेचणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक जितक्या जोरात फिरेल तितकी वाटी त्याच्यामागे ओढली जाते, स्प्रिंग तिला थोपवते, आणि जिथे दोघांचं जमतं तिथे काटा थांबतो. केबलचा आणि काट्याचा कुठेही स्पर्श नाही.

बजाज चेतक घरात असलेल्यांना ती केबल आठवत असेल. पुढच्या चाकातून निघून हँडलपर्यंत जायची. ती तुटली की काटा शून्यावर निपचित पडायचा आणि किलोमीटर वाढायचे थांबायचे. स्कूटर मात्र मजेत चालत राहायची. बाबा महिनोन्महिने तशीच चालवायचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: केबल तुटली तर फक्त माणसाला कळायचं बंद व्हायचं, गाडीला काही फरक पडत नव्हता.

आता या केबलमागचा हिशोब. काट्याची वाटी-चुंबकाची डबी एका कारखान्यात बनणार, गिअरबॉक्स दुसरीकडे, टायर तिसरीकडे. डबीला टायरचा आकार माहीत नाही, मागच्या अॅक्सलचं रेशो माहीत नाही. मग दोघांनी एक आकडा ठरवून घ्यायचा. अमेरिकेत रूढ झालेला आकडा आहे मैलाला १००० फेरे. गाडी एक मैल गेली की केबल हजार वेळा फिरलीच पाहिजे, गाडी कुठलीही असो. म्हणजे ताशी ६० मैलांना, मिनिटाला एक मैल या हिशोबानं, केबल बरोबर १००० आरपीएमनं फिरते. जपानी स्टँडर्डमध्ये ताशी ६० किलोमीटरला ६३७ आरपीएम, म्हणजे किलोमीटरला ६३७ फेरे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला इंटरफेस म्हणतो तोच हा प्रकार. आत काय करायचं ते करा, बाहेर मात्र मैलाला हजार.

हजाराचा हा आकडा जमवायचं काम गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या दोन छोट्या गिअरचं. एक उदाहरण घेऊ. टायर मैलाला ७३० वेळा फिरतो आणि अॅक्सलचं रेशो ३.७३ आहे. म्हणजे गिअरबॉक्समधून निघणारा दांडा मैलाला ७३० गुणिले ३.७३, साधारण २७२३ फेरे घेणार. त्याचे हजार करायचे तर २.७२ नं भागायचं. दांड्यावर ८ दात्यांचा गिअर आणि केबलला २२ दात्यांचा गिअर लावला की २.७५ नं भागाकार होतो, केबल मैलाला ९९० फिरते, चूक फक्त १ टक्का. टायर बदलले? केबलचा गिअर बदला. जनरल मोटर्सच्या गाड्यांत हे प्लॅस्टिकचे गिअर दात्यांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे असत. थोडक्यात काय, गाडीचा सगळा हिशोब हातात घेऊन बघता येईल अशा एका रंगीत प्लॅस्टिकच्या तुकड्यात होता.

या केबलवर माणसाखेरीज दुसऱ्या कोणी पहिल्यांदा कान लावला तो १९५८ मध्ये. इंडियानातला राल्फ टीटर हा इंजिनिअर वयाच्या पाचव्या वर्षी आंधळा झाला होता. गोष्ट अशी सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. मागेपुढे झोके खाऊन वैतागलेल्या टीटरनं ठरवलं की वेग धरून ठेवणारं यंत्र बनवायचं. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरनं ते आपल्या इम्पीरियल गाडीत दिलं. क्रूझ कंट्रोल म्हणतात ते हेच. ते यंत्र वेग घ्यायचं कुठून? त्याच स्पीडोमीटरच्या केबलमधून. आजवर जो आकडा फक्त डोळ्यांसाठी होता त्यावर आता अॅक्सिलरेटर हलायला लागला.

पुढचा धक्का धुरानं दिला. १९७० चा अमेरिकेतला क्लीन एअर कायदा, मग १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि मग पेट्रोल-हवेचं प्रमाण काटेकोर ठेवायला इंजिनावर कंप्युटर. जनरल मोटर्सनं १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल कारमध्ये तो सरसकट आणला. या कंप्युटरला वेग हवा होता, कारण ड्रायव्हरनं पाय काढलाय म्हणजे गाडी सिग्नलला उभी आहे की उतारावरून घरंगळते आहे, हे त्याला दुसऱ्या कशावरून कळणार? उभ्या गाडीचं इंजिन आयडलला स्थिर ठेवायचं असतं, पळत्या गाडीचं वेगळ्या पद्धतीनं सांभाळायचं असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला क्लच कधी लॉक करायचा हेही वेगावर ठरतं.

पण डॅशबोर्ड तर केबलवालाच होता. मग इंजिनिअरांनी आपण सगळे करतो तेच केलं: चालू सिस्टिमला हात न लावता तिच्यावर एक ठिगळ लावलं. स्पीडोमीटरच्या डबीत, फिरणाऱ्या केबलच्या टोकाला एक चकचकीत पातं बसवलं आणि समोर एक एलईडी आणि प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर. पातं फिरलं की प्रकाश परततो, एक पल्स. केबलच्या एका फेऱ्याला दोन पल्स, म्हणजे मैलाला २०००. जपान्यांनी याच कामाला डबीत रीड स्विच बसवला, फेऱ्याला चार पल्स. ६३७ गुणिले ४, किलोमीटरला २५४८. बघा, जुना आकडा कसा नव्याच्या पोटात तसाच राहिला.

१९९० च्या दशकात ही वरात उलटी फिरली. केबल गेली. जनरल मोटर्सच्या १९९३ पासूनच्या ४एल६०ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हेही कंप्युटर ठरवतो, आणि बाहेर जाणाऱ्या दांड्यावर ४० दात्यांचं एक लोखंडी चाक असतं. शेजारी एक चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की वेटोळ्यात वीज चमकते. आपल्या मघाच्या गाडीत दांडा मैलाला सुमारे २७२३ फिरतो, म्हणजे मैलाला सुमारे १,०८,९०० पल्स. ६० च्या वेगाला सेकंदाला १८१५. हे सगळे कंप्युटरकडे जातात, तो भागाकार करतो आणि डॅशबोर्डकडे मैलाला ४००० पल्सची सुटसुटीत लाइन सोडतो. आता काटा ड्रायव्हरला जे सांगतो ते आधी कंप्युटरनं ऐकलेलं असतं. क्रम बदलला. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं, तेव्हा वेगाचा सिग्नल बिघडल्याला एक अधिकृत एरर कोडही मिळाला: पी०५००.

आणि नेमकी याच जमान्यातली इंजिनं स्वॅपवाल्यांची लाडकी झाली. शेवरोलेचं एलएस१ हे व्ही८ इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं, १९९९ च्या मॉडेलपासून त्याची भावंडं, ४.८, ५.३ आणि ६ लिटरची, पिकअप ट्रकमध्ये आली. ट्रक लाखांनी विकले गेले, अपघात होऊन भंगारातही गेले, आणि दणकट, आटोपशीर इंजिनांचे ढीग स्वस्तात मिळायला लागले. म्हणजे एका बाजूला १९७१ ची केबलवाली गाडी, दुसऱ्या बाजूला वेगाशिवाय अडणारं इंजिन. आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर मिळतं: इंजिन वेग बनवत नाही, पण तोपर्यंत ते वेगाचं सर्वात मोठं गिऱ्हाईक झालेलं असतं.

माझा एक सहकारी डेट्रॉइटजवळ राहतो. रोजच्या कॉलवर आमची कोडपेक्षा जास्त चर्चा त्याच्या १९७१ च्या शेवरोले पिकअपवर होते. त्यानं भंगारातल्या ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन कंप्युटरसकट आणून तिच्यात बसवलं. जुना तीन गिअरचा, टीएच३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र तसाच ठेवला, कारण तो ठणठणीत होता. गाडी चालायची झकास. पण सिग्नलला थांबायला आली की इंजिन गचके खाऊन बंद पडायचं, आणि स्कॅनर लावला की पी०५००. अशा स्वॅपमध्ये हमखास दिसणारं हे लक्षण आहे. कंप्युटरच्या दृष्टीनं ती गाडी आजन्म जागेवर उभी होती. ताशी ७० मैलांनी हायवेवरून जातानासुद्धा! चेतकची केबल तुटली तर चेतकला पत्ता नव्हता. इथे सगळे पार्ट धडधाकट आणि तरी गाडी रस्त्यात बंद पडते. १९०२ ते १९९९ मध्ये काय बदललं ते एवढ्यात आलं.

उपाय सोपा निघाला. जुन्या गिअरबॉक्सला केबलचं भोक होतंच. त्या भोकात आणि केबलमध्ये बसणारा एक छोटा सेन्सर मिळतो. केबल त्याच्या आरपार फिरत राहते, काटा पूर्वीसारखा चालतो, आणि केबलच्या प्रत्येक फेऱ्याला सेन्सर ठरावीक पल्स कंप्युटरकडे पाठवतो. समजा फेऱ्याला ८, तर मैलाला ८०००. मग लॅपटॉप जोडून कंप्युटरच्या मेमरीत लिहायचं की यापुढे मैलाला लाखभर नाही, आठ हजार पल्सची अपेक्षा ठेव. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. चुंबक-वेटोळ्याचा सेन्सर अगदी हळू वेगाला फार अशक्त व्होल्टेज देतो, त्यात शेजारून इग्निशनच्या वायर गेल्या की त्यांचा गोंगाट मिसळतो. म्हणून त्याच्या दोन वायर एकमेकींना पीळ घालून, इग्निशनपासून लांब न्यायच्या. त्यानं हे सगळं केलं आणि गाडी सिग्नलला निमूट उभी राहायला लागली.

खरा किस्सा पुढच्या वर्षी झाला. हायवेवर पेट्रोल वाचावं म्हणून त्यानं गिअरबॉक्सही बदलला आणि चार गिअरवाला ४एल६०ई बसवला. आता ४० दात्यांचं चाक आतच असल्यामुळे कंप्युटर खूश. पण या गिअरबॉक्सला केबलचं भोकच नाही, त्यामुळे १९७१ चा काटा मेला. प्रश्न तोच, बाजू उलटी. यावरही बाजारात उत्तर आहे: एक छोटी पेटी, जी कंप्युटरकडून मैलाला ४००० पल्स घेते आणि आतली मोटर फिरवून जुन्या केबलला मैलाला हजार फेरे देते. म्हणजे लोखंडी दाते, मग वीज, मग कंप्युटर, मग पुन्हा वीज, मोटर, केबल, चुंबक, आणि शेवटी शुल्झची वाटी. मी कॉलवर पाच मिनिटं हसत होतो.

काटा उठला. एरर कोड शून्य. इंजिन बंद पडत नाही. सगळं पास! आणि पुढच्याच शनिवारी त्याच्या लक्षात आलं की हायवेवर सगळे त्याला ओव्हरटेक करताहेत. काटा ७० वर होता. फोनवरचं जीपीएस ६० दाखवत होतं.

त्यानं मला आकडे पाठवले आणि मी एक्सेल उघडलं. कंप्युटर ज्या ट्रकमधून काढला होता त्याच्या टायरचे फेरे मैलाला साधारण ६८० आणि अॅक्सल ३.४२. म्हणजे ६८० गुणिले ३.४२ गुणिले ४०, मैलाला सुमारे ९३,००० पल्स. हा आकडा त्या कंप्युटरच्या मेमरीत अजून बसलेला होता. (गिअरबॉक्स बदलणाऱ्या गॅरेजनं फाइल लोड करताना मूळ ट्रकचेच आकडे ठेवले होते.) इथे मात्र मैलाला १,०८,९०० येत होते. भागाकार केला तर १.१७. खरे ६० असताना ७०. अगदी बरोबर जुळलं! ट्रक भंगारात गेला, पण त्याचे टायर आणि त्याचा अॅक्सल एका आकड्याच्या रूपानं दुसऱ्याच गाडीत चालत राहिले.

मला या सगळ्या प्रकरणात खरी भीतीची वाटते ती ही गोष्ट. सिग्नल गायब होता तेव्हा गाडी बोंबलत होती. दिवा लागत होता, कोड येत होता, इंजिन बंद पडत होतं. सिग्नल चुकीचा होता तेव्हा सगळं शांत. कंप्युटर तक्रार करत नाही, कारण त्याच्या हिशोबानं त्याला व्यवस्थित वेग मिळतो आहे. तो त्या खोट्या वेगावर गिअर वेळेआधी बदलतो, किलोमीटरच्या, सॉरी, मैलांच्या मीटरमध्ये दर शंभराला सतरा जास्तीचे घालतो. या गाडीत काटा पुढे पळत होता म्हणून निभावलं. हेच उलट असतं, म्हणजे भंगारातल्या ट्रकचे आकडे मोठे आणि या गाडीचे लहान, तर खरे ६० असताना काटा ५१ दाखवता. शाळेजवळच्या रस्त्यावर काट्यावर विश्वास ठेवून चालवणाऱ्याला आपण किती जोरात आहोत हे कळलंच नसतं. प्रोग्रामरना हे समजावून सांगायला नको. नल आला तर प्रोग्राम कोसळतो आणि आपण दुरुस्त करतो. चुकीचा आकडा आला तर तो रिपोर्टमध्ये छापून जातो आणि लोक त्यावर निर्णय घेतात.

शंभर-सव्वाशे वर्षांत या आकड्याची अचूकता वाढली, यात शंका नाही. पण तो दिसेनासा होत गेला. आधी तो प्लॅस्टिकच्या गिअरमध्ये होता, मेकॅनिक हातात घेऊन दाते मोजू शकत होता. मग तो मेमरीत गेला, बघायला लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर लागायला लागलं. त्यानंतर तर वायरही गेली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं तेव्हापासून चाकांनाच वेगाचे सेन्सर लागायला लागले. बॉशनंच १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत जाहीर केली, ज्यात गाडीतले सगळे कंप्युटर एका जोड-तारेवर एकमेकांना मेसेज पाठवतात. १९९१ च्या एस-क्लासमध्ये ती दिसली, पुढे सगळीकडे पसरली. अशा बऱ्याच गाड्यांत एबीएसचा कंप्युटर चाकांचे पल्स मोजतो आणि वेग मेसेज म्हणून सोडतो. इंजिन, स्टिअरिंग, एअरबॅग, डॅशबोर्ड, ज्याला हवा तो उचलतो. अशा गाडीतलं इंजिन जुन्या गाडीत टाकायचं तर एक वायर जोडून भागत नाही, तो मेसेज बरोबर त्याच स्वरूपात, त्याच तालात बोलणारं काहीतरी बसवावं लागतं.

आपल्यापैकी बहुतेक जण आयुष्यात इंजिन स्वॅप करणार नाहीत, तरी या वायरशी आपला रोजचा संबंध आहे. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारना आपल्याकडे वेगाची वॉर्निंग सक्तीची झाली. ८० च्या पुढे मधूनमधून बीप, १२० च्या पुढे अखंड. तो बीप त्याच पल्सवर चालतो. युरोपातला नियम सांगतो की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालेल. म्हणून काटा मुद्दामच थोडा पुढे ठेवलेला असतो आणि फोनवरचं जीपीएस बहुधा त्यापेक्षा कमी दाखवतं. पण कंपनीनं दिलेल्यापेक्षा मोठे टायर हौसेनं बसवले की ही मुद्दाम ठेवलेली जागा खाल्ली जाते. चाक मोठं, म्हणून फेरे कमी, म्हणून काटा मागे. टायरवाला पोरगा हे सांगत नाही, आणि गाडीला तर माहीतच नसतं.

तपासायला लॅपटॉप लागत नाही. एक्सप्रेसवेवर काटा १०० वर स्थिर ठेवा आणि शेजारी बसलेल्याला (चालवणाऱ्यानं नाही!) दोन किलोमीटरच्या दगडांमधले सेकंद मोजायला सांगा. खरे १०० असतील तर ३६ सेकंद. ३७-३८ आले तर काटा थोडा पुढे आहे, नॉर्मल आहे. ३४ आले तर टायर बघा. झुडपामागच्या त्या हवालदाराचीच ही पद्धत. गंमत म्हणजे या सगळ्या साखळीत खरोखरचं अंतर आणि खरोखरची वेळ मोजणारा तो एकटाच होता, बाकी सगळे फेरे मोजून अंदाज करत होते.

सहकाऱ्याच्या पिकअपमध्ये आता योग्य आकडा भरलाय. मी सांगितल्यावर त्यानं तो एका कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला: टायर, अॅक्सल, दाते, मैलाला पल्स. उद्या गाडी विकली तर पुढच्या माणसाला शोधत बसायला नको. डॉक्युमेंटेशन लिहिणारा इंजिनिअर मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला :-)

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या वीकेंडला.